वरून दुसरं बटण

जुन्या शहराच्या मधोमध दुकानांची जी गल्ली आहे, तिला नगरपालिकेने ऐतिहासिक ठरवलं त्याला सात वर्षं झाली. ठरवलं म्हणजे काय केलं, तर गाड्या बंद केल्या, गल्लीच्या दोन्ही तोंडांना पितळी पाट्या लावल्या आणि दुकानदारांना पत्र पाठवलं, की आपण आता वारसा आहात, तरी दाराला रंग देण्यापूर्वी परवानगी घ्यावी. टोपीवाल्याने ते पत्र दोनदा वाचलं, घडी करून एका टोपीत ठेवलं आणि म्हणाला, "आता मरायलासुद्धा अर्ज करावा लागणार."

तेव्हापासून गल्लीत बघ्यांची रीघ लागली. पिवळी काठी उंच धरून गाईडबाई पुढे आणि मागे वीस-पंचवीस माणसं, माना वर करून. कमानी बघायच्या, झिजलेल्या पायऱ्यांचे फोटो काढायचे, टोपीवाल्याच्या टोप्या डोक्यावर घालून परत ठेवायच्या, असा क्रम. शेवटी गल्लीच्या टोकाला, बटणांच्या दुकानापाशी आल्यावर गाईडबाई काठी खाली घ्यायची आणि आवाजही.

"आत जाताना कृपया बोलू नका. हे बहीण-भाऊ गेली अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत."

मग ती वीस-पंचवीस माणसं आजारी माणसाला भेटायला आल्यासारखी पाय न वाजवता आत यायची. उजव्या काउंटरमागे ताई, डाव्या काउंटरमागे तिचा भाऊ. ताई सदुसष्टची आणि भाऊ चौसष्टचा, पण गल्लीत त्याला सगळे धाकटाच म्हणायचे, कारण तसं म्हणणारी जुनी माणसं गेली आणि नव्यांना दुसरं नाव माहीत नव्हतं. लोक एकदा उजवीकडे बघत, एकदा डावीकडे बघत. कुणीतरी सुस्कारा टाकत असे. जाताना प्रत्येक जण एकेक बटण विकत घेई. एका बटणाचं काय करणार, असं ताईने सुरुवातीला विचारून पाहिलं. आठवण म्हणून, असं उत्तर आलं. कशाची, हे तिने विचारलं नाही.

भांडण कशावरून झालं, याच्या गाईडबाईकडे तीन कथा होत्या. एकीत वडिलांचं मृत्युपत्र होतं, एकीत ताईचं मोडलेलं लग्न होतं आणि तिसरी फक्त पावसाच्या दिवसांसाठी राखून ठेवलेली होती, ती बरीच लांब होती. खरं कारण यापेक्षा पुष्कळ साधं होतं आणि म्हणूनच कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुकानाच्या दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण होते, एकूण सहाशे चाळीस. आत जे बटण असेल त्याचा एक नमुना खणाच्या तोंडावर दोऱ्याने बांधलेला. वडिलांची पद्धत अशी की माल ज्या क्रमाने आला त्या क्रमाने खणात गेला. शिंपल्याच्या बटणाशेजारी लाकडी, त्याच्याशेजारी सैनिकी कोटाचं पितळी, त्याच्याखाली बाळाच्या अंगड्याचं. कुठे काय आहे हे पाठ असणं हाच धंदा, असं वडील म्हणायचे, आणि ताईला ते वयाच्या नवव्या वर्षी पाठ झालं होतं. धाकट्याला चाळिशीतही झालं नव्हतं. तो शिडी घेऊन भिंतभर फिरायचा आणि गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायचं.

वडील गेल्यावर चौथ्या महिन्यात एका रविवारी धाकटा एकटाच दुकानात आला आणि डावी भिंत त्याने रंगाप्रमाणे लावून टाकली. पांढऱ्यापासून सुरू करून पिवळा, लाल, तपकिरी, हिरवा, निळा, शेवटी काळा. तीनशे वीस खण, एका दिवसात. त्याला वाटलं होतं ताईला आवडेल. सोमवारी सकाळी ताई आली, तिने डाव्या भिंतीकडे पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आता माझ्याशी बोलू नकोस."

धाकटा बोलला नाही. लहानपणापासून ताईचं ऐकायची त्याला सवय होती.

ताईला वाटलं होतं दोन दिवसांत येईल माफी मागायला. तो आला नाही. तिला त्याचा आणखी राग आला. तिकडे धाकटा ताई 'बोल' म्हणेल म्हणून वाट बघत बसला. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. दुकानापायी राहून गेलं असं दोघंही सांगत, खरं तर कुणी फारसं विचारलंच नव्हतं. ताई दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची, तो समोरच्या इमारतीत. मध्ये पडायला घरात तिसरं माणूस नव्हतं. अशी अकरा वर्षं गेली. उजव्या भिंतीवरचं बटण हवं असेल तर धाकटा गिऱ्हाइकाला म्हणायचा, "तिकडे विचारा." डावीकडचं हवं असेल तर ताई काहीच म्हणायची नाही, नुसती हनुवटी हलवायची. पुढे बघे यायला लागले आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. टोपीवाल्याने ताईला एकदा बजावलंच, "आता गोड झालात तर आमच्या पोटावर पाय येईल. तुमच्याकडे येता येता चार जण माझ्याकडे टोपी बघतात."

एवढं सगळं होऊनही ताईला मान होता तो या भांडणापायी नाही, तर तिच्या नजरेपायी. एकदा कारखान्याहून आलेली अख्खी पेटी तिने परत पाठवली होती, का, तर तळाची बटणं वरच्यांपेक्षा किंचित उजळ होती. कारखान्याच्या माणसाने पंधरा दिवसांनी पत्र लिहून कबूल केलं. शिंपी तिच्याकडे कापडाचा तुकडा पाठवायचे, सोबत चिठ्ठी नाही की निरोप नाही. ती बटण द्यायची. ते जुळायचं.

आणि आता दोन वर्षांपासून ताईला गडद निळं आणि काळं यातला फरक दिसेनासा झाला होता.

सगळं दिसत होतं. सुईत दोरा जात होता, लाल लाल दिसत होतं. फक्त गडद निळं काळ्यात बुडालं होतं. पहिल्यांदा तिने दिव्याला दोष दिला आणि दिवा बदलला. मग चष्मा बदलला. मग कळलं की बदलण्यासारखं आता काही उरलं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात ती एकदा गेली होती. मोतीबिंदू आहे, काढून टाकू, म्हणाले. अर्जावर एक रकाना होता, सोबत कोण येणार. ताई तो रकाना बघत बराच वेळ बसली आणि अर्ज घडी करून घरी घेऊन आली. पाठ करून घेतलेल्या त्या भिंतीखेरीज आणि गल्लीतल्या त्या मानाखेरीज तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. बटणताईला काळं-निळं कळत नाही, हे एकदा गल्लीत पसरलं की वरच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसायचं, एवढंच राहिलं असतं. 

आपल्या भिंतीवर तिला अडचण नव्हती. निळी बटणं कुठे आहेत हे ती डोळे मिटून सांगू शकत होती. अडचण होती ती गिऱ्हाइकाच्या कोटाची. गिऱ्हाईक कधी रंग सांगत नाही. कोट पुढे ठेवतं, तुटलेल्या बटणाच्या जागी बोट लावतं आणि म्हणतं, "असं द्या."

तरीही या दोन वर्षांत तिच्या हातून चूक झाली नव्हती. याला तिने नशीब म्हटलं. दुसरीही एक गोष्ट या दोन वर्षांत सुरू झाली होती, पण तिचा या नशिबाशी काही संबंध असेल असं तिच्या मनात आलं नाही. धाकट्याला गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तारीफ करायचा नाद लागला होता.

ज्या माणसाने जन्मात कुणाच्या कपड्यांकडे बघितलं नाही, स्वतःची एकच विजार आठवडाभर घातली, तो आता दारात माणूस दिसलं की मोठ्याने सुरू व्हायचा. "या या. काय सुंदर निळा कोट आहे." "अरे वा, काळा कोट. काळ्याला तोड नाही." एकदा तर एका म्हाताऱ्या बाईंना तो म्हणाला, "हा निळा तुम्हाला फार खुलतो," आणि त्या बाई लाजल्या. ताईला वाटलं बघ्यांच्या नादी लागून हा पार लाचावला. वडील असते तर तोंड फिरवलं असतं त्यांनी. ताईला त्या तारिफेचा संताप यायचा आणि ती ऐकून हात आपोआप बरोबर खणाकडे जायचा. यातला फक्त संताप तिला जाणवत होता.

मग धाकट्याची दाढ दुखायला लागली.

दाढ काढली ती सोमवारी. दातांच्या डॉक्टरने तोंडात कापूस कोंबला, गालावरून डोक्यापर्यंत फडकं बांधलं आणि ताकीद दिली की दोन दिवस अजिबात बोलायचं नाही. धाकट्याने मान हलवली. मंगळवारी सकाळी तो दुकानात येऊन आपल्या जागी उभा राहिला. गाईडबाईने त्याला पाहिलं आणि त्या दिवशीच्या लोकांना सांगितलं की शांततेचं हे नवीन रूप आहे.

दुपारी कोपऱ्यावरच्या हॉटेलचा दरबान आला. सहा फूट उंच, आवाज मात्र बारीक. हातात नवा कोट. "ताई, सहा मोठी बटणं हवीत. उद्या कुणी बडे पाहुणे यायचेत. कोट शिवून आला आणि शिंपी बटणं लावायला विसरला."

"कसली?" ताईने विचारलं.

"कोटाला शोभतील अशी."

ताईने कोट हातात घेतला. दिव्याखाली धरला. दाराशी नेऊन उजेडात धरला. तिला काळा दिसला. तिला हल्ली जे दिसायचं त्यावर विश्वास ठेवता येत नव्हता, पण विचारायचं कुणाला? कोटाचा रंग कोणता, असं बटणताईने दरबानाला विचारायचं?

तेवढ्यात डावीकडून टकटक झाली. धाकटा लाकडी पट्टीने आपल्या भिंतीवरच्या खणांवर ठोकत होता. शेवटून पाचव्या उभ्या रांगेवर, वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपासून. फडक्यातून डोळे बाहेर आले होते. ताईने नजरेच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिच्या लक्षात आलं एवढंच, की हा आपली ती रंगवार भिंत मिरवतोय, तीही गिऱ्हाइकासमोर, अकरा वर्षांनी.

"काही लोकांची दाढ काढली तरी खोड जात नाही," ताई दरबानाला म्हणाली.

धाकट्याने आणखी जोरात ठोकलं. खोकला. कापूस तोंडात असताना खोकणं सोपं नसतं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने त्याच्याकडे पाठ फिरवली, शिडी लावली आणि आपल्या भिंतीवरून सहा मोठी शिंगाची बटणं काढून कागदात बांधली. काळी.

दरबानाच्या बायकोने ती घरी दिव्याच्या उजेडात लावली. सकाळी हॉटेलच्या पायऱ्यांवर ऊन आलं, मॅनेजर बाहेर आला आणि त्याने दरबानाला पाहुणे यायच्या आत मागच्या दाराला पाठवलं.

गुरुवारी सकाळी दरबान कोट घेऊन दुकानात आला तेव्हा आत बघे होते. गाईडबाई दबक्या आवाजात मृत्युपत्राची कथा सांगत होती. दरबान भांडायला आला नव्हता. खरं तर त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याने कोट ताईसमोर ठेवला आणि जमेल तेवढ्या हळू म्हणाला, "ताई, काहीतरी गडबड झाली. कोट निळा आहे आणि बटणं काळी."

त्याचा आवाज बारीक असला तरी दुकानात एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. टोपीवाला सुट्टे पैसे मागायला दारात आला होता, त्यालाही.

ताईने कोटाकडे पाहिलं. काळा कोट, त्यावर काळी बटणं. 

"माझी चूक," डावीकडून आवाज आला. धाकट्याचा गाल अजून सुजलेला होता, फडकं मात्र सुटलं होतं. "मी सांगितलं होतं काळी द्या म्हणून."

दरबान प्रामाणिक माणूस होता आणि प्रामाणिक माणसांचा असा त्रास असतो. तो म्हणाला, "तुम्ही कुठे काय बोललात? तोंड बांधलं होतं तुमचं."

"खुणेने सांगितलं. पट्टीने."

"कुणाला?" गाईडबाईने विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती. खाणाखुणा सुरू झाल्या असतील तर तिला तीनही कथा बदलाव्या लागणार होत्या.

धाकटा भिंतीकडे बघत राहिला. कान लाल झाले होते. लहानपणीही खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, त्यामुळे तो लवकरच खोटं बोलणं सोडून बसला होता.

ताई पट्टीचा विचार करत होती. शेवटून पाचवी उभी रांग. तिने मान वळवली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा डाव्या भिंतीकडे नीट बघितलं. रांगा कुठून कुठवर कोणत्या रंगाच्या, हे तिने कधी पाठ केलं नव्हतं, मुद्दाम केलं नव्हतं. पण पांढऱ्यापासून सुरुवात होते एवढं तिला माहीत होतं. शेवटच्या रांगा काळ्या, त्यांच्या अलीकडे निळ्या. त्याने शेवटच्या रांगांवर ठोकलं नव्हतं.

मग एकामागून एक सगळे कोट तिच्या डोळ्यांसमोरून गेले. सुंदर निळा कोट. काळ्याला तोड नाही. हा निळा तुम्हाला फार खुलतो. दोन वर्षं हा माणूस भल्याबुऱ्या दिसणाऱ्या प्रत्येक माणसाची तोंडभरून तारीफ करत होता आणि त्याच्या लाळघोटेपणाची तिला लाज वाटत होती. ताईला रडू आलं. ते तिने गिळलं, पण आलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. चूक धाकट्याच्या नावावर गेली होती, तिचा मान जिथल्या तिथे होता. बघे वाट बघत होते, टोपीवाला वाट बघत होता. दोन मिनिटांनी सगळं पूर्वीसारखं झालं असतं.

ताईने कोट उचलला, आपल्या काउंटरमागून बाहेर आली आणि पाच पावलं चालून डाव्या काउंटरवर ठेवला.

"मला दिसत नाही रे," ती म्हणाली. "हा निळा आहे का?"

धाकट्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, ती खरंच आपल्याशी बोलतेय का याची खात्री करायला.

"निळा आहे. गडद," तो म्हणाला.

"मग तुझ्या भिंतीवरची सहा काढ. आणि यांना लावून दे इथेच."

धाकट्याने हात वर केला, न शोधता एक खण ओढला. शिडी लागली नाही.

बघ्यांपैकी एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, पण बाकी कुणी वाजवल्या नाहीत म्हणून थांबवल्या. एका गृहस्थाने गाईडबाईला विचारलं, की आता आत बोललं तर चालेल का. गाईडबाईने पिवळी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली की हे नेहमी होत नाही, आपण पुढे जाऊ या. पुढे काही नव्हतं, गल्ली तिथेच संपत होती. टोपीवाला कपाळाला हात लावून दारातच उभा राहिला. सुट्टे पैसे तो विसरून गेला.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी गल्ली रिकामी झाली होती. ताई स्टुलावर बसली होती. धाकटा झाडत होता. सकाळपासून दोघं पुन्हा काही बोलले नव्हते. सवय नव्हती, आणि कुठून सुरुवात करायची हेही कळत नव्हतं. ताईने पर्समधून घडी केलेला अर्ज काढून डाव्या काउंटरवर ठेवला. धाकट्याने केरसुणी टेकवून ठेवली, अर्ज वाचला, खिशातलं पेन काढलं आणि 'सोबत कोण येणार' या रकान्यात आपलं नाव लिहिलं.

"एवढी वर्षं एक शब्द बोलला नाहीस," ताई म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस बोलू नकोस."

"मी रागात म्हणाले होते."

"ते मला कळलं होतं. पण किती दिवसांसाठी, ते सांगितलं नव्हतंस."

ताईने अर्ज पुन्हा घडी करून पर्समध्ये ठेवला. 

"आणि डोळ्यांचं कधी कळलं तुला?" तिने विचारलं. "मी तर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता."

धाकटा खण उघडून त्यात काहीतरी शोधत होता. "टोपीवाल्याची बायको गेली तेव्हा. दुखवट्याला म्हणून तू काळा स्वेटर नवीन घेऊन घातला होतास."

"हाच," ताईने अंगावरच्या स्वेटरला हात लावला.

"हाच. हा निळा आहे."

ताईने स्वेटरची बाही दिव्याखाली धरली.

"ते एक वेळ ठीक," धाकटा म्हणाला. "दुकानदाराने फसवलं असेल, म्हटलं. पण पुढच्या आठवड्यात त्याचं वरून दुसरं बटण तुटलं आणि तू ते स्वतः लावलंस. बाकीची निळी आहेत, ते एकच काळं आहे. पेटी परत पाठवणारी तू. दोन वर्षं रोज माझ्यासमोर ते बटण घालून उभी राहतेस."

त्याने खणातून काढलेलं बटण काउंटरवर ठेवलं आणि सुईत निळा दोरा ओवला. ताईने स्वेटर काढला आणि त्याच्या हातात दिला.